मोजमाप आणि मोल

पवित्र शास्त्राला मापाचे वावडे नाही. नोहाच्या तारवाची लांबी-रुंदी हातांच्या हिशेबाने दिलेली आहे. शलमोनाने बांधलेल्या मंदिराच्या भिंती, खांब आणि गाभारा यांची मापे तर इतक्या बारकाईने नोंदली आहेत की, ती वाचताना श्रद्धाळू वाचकाचाही धीर सुटावा. नीतिसूत्रांच्या ग्रंथात खोट्या तराजूचा कडक शब्दांत निषेध केला आहे. म्हणजे नीट मोजणे हा न्यायाचाच एक भाग मानला गेला आहे. असे असूनही शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस एक कोड्यात टाकणारी कथा येते. दावीद राजा आपल्या प्रजेची शिरगणती करवतो. सेनापती यवाब त्याला परावृत्त करू पाहतो, पण राजा ऐकत नाही. नऊ महिने आणि वीस दिवसांनी आकडा हाती येतो आणि तो येताच राजाचे मन त्याला खाऊ लागते. आपल्या हातून मोठे पाप घडले, असे तो देवापुढे कबूल करतो.

गणतीत पाप ते कोणते? नुसते मोजणे हेच पाप असते, तर मोशेच्या एका ग्रंथाला ‘गणना’ हे नाव मिळाले नसते. भाष्यकारांनी या कथेचे अनेक अर्थ लावले आहेत. त्यांतला मला पटणारा अर्थ असा की, ज्याच्यावर विसंबायचे त्याला बाजूला सारून राजा आकड्यावर विसंबू लागला. गणती तीच, पण तिच्याकडे पाहणारे मन बदलले.

हा जुना प्रश्न आज एका नव्या क्षेत्रात उभा राहिला आहे. विद्वानांचे संशोधन, त्याचे प्रकाशन आणि त्याची थोरवी ठरवण्यासाठी लावली जाणारी मापे हे ते क्षेत्र. विषय वरवर दूरचा वाटेल. पण आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत आज कोणी पीएच.डी. करीत आहे, कोणी महाविद्यालयात शिकवीत आहे, कोणी परदेशातील प्रयोगशाळेत काम करीत आहे. त्यांच्या बोलण्यात ‘पेपर’, ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, ‘एच-इंडेक्स’ असे शब्द येतात आणि त्या शब्दांमागे पुष्कळदा काळजी असते. ती काळजी कशाची, हे घरच्यांना ठाऊक असावे आणि तिच्यात दडलेला नैतिक प्रश्न आपण सर्वांनी समजून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

माप कसे जन्मले

१६६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी पॅरिसलाही असेच एक नियतकालिक निघाले होते. तोवर विद्वान मंडळी आपले शोध एकमेकांना पत्रांतून कळवीत. आता ते छापून सर्वांपुढे येऊ लागले. कोणी काय शोधले, केव्हा शोधले, हे नोंदले जाऊ लागले आणि इतरांना ते तपासून पाहता येऊ लागले. ज्ञान ही एकट्याची ठेव नसून सर्वांचे धन आहे, ही भावना त्यामागे होती.

पुढे हे धन इतके वाढले की, त्याचा हिशेब लागेना. दुसऱ्या महायुद्धानंतर शोधनिबंधांची संख्या झपाट्याने वाढू लागली. १९५५ साली यूजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक उपाय मांडला. अमेरिकेतील वकील १८७३ पासून एक सूची वापरीत असत. एखादा न्यायनिवाडा पुढच्या कोणकोणत्या खटल्यांत आधारासाठी घेतला गेला, तो कायम राहिला की उलटवला गेला, हे त्या सूचीत पाहता येई. अशीच सूची विज्ञानासाठी करावी, म्हणजे एखाद्या निबंधाचा उल्लेख नंतर कोणी कोणी केला हे कळेल आणि विचाराचा माग काढता येईल, ही गारफील्ड यांची कल्पना. १९६० साली त्यांनी फिलाडेल्फियात संस्था काढली आणि १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची प्रसिद्ध झाली.

या सूचीतूनच ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ निघाला. आपण त्याला प्रभावांक म्हणू. त्याचे गणित सोपे आहे. एखाद्या नियतकालिकाने दोन वर्षांत शंभर निबंध छापले आणि तिसऱ्या वर्षी त्या निबंधांचा इतरत्र तीनशे वेळा उल्लेख झाला, तर त्या वर्षीचा प्रभावांक तीन. मोजक्या पैशांत कोणती नियतकालिके घ्यावीत, हे ठरवताना ग्रंथपालाला त्याचा उपयोग होतो. एवढ्या मर्यादेत हे माप प्रामाणिक आहे.

पण माप तेथेच थांबले नाही. नियतकालिकाचे माप त्यात छापलेल्या प्रत्येक निबंधाला लावले जाऊ लागले आणि निबंधावरून ते माणसाला. हे किती फसवे आहे, हे ‘नेचर’ या जगन्मान्य नियतकालिकानेच २००५ साली आपल्या संपादकीयात दाखवून दिले. त्यांच्या आदल्या वर्षीच्या प्रभावांकातील ८९ टक्के उल्लेख केवळ २५ टक्के निबंधांमुळे मिळालेले होते. उरलेल्या तीन चतुर्थांश निबंधांचे लेखक दुसऱ्याच्या पुण्याईवर मोठे दिसत होते. २००५ सालीच जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने माणसासाठीच एक माप सुचवले, ते एच-इंडेक्स. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेख झाला आहे, त्याचा अंक वीस. पुढे २०२० साली स्वतः हिर्श यांनीच या मापाच्या अनिष्ट परिणामांबद्दल खंत व्यक्त केली.

आणखी एक गोष्ट या प्रवासात हरवली. वकिलांच्या सूचीत निवाडा उलटवला गेल्याची नोंद असे. संशोधनाच्या अंकात मात्र स्तुती आणि खंडन यांची बेरीज एकत्रच होते. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गोवराच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा एक निबंध आला. तो २०१० साली मागे घेण्यात आला, कारण त्यातील माहिती विश्वासार्ह नव्हती. दरम्यान अनेक आईबापांनी घाबरून मुलांना लस दिली नाही. या निबंधाचा उल्लेख शेकडो वेळा झाला आहे आणि त्यांतले बहुसंख्य उल्लेख त्याचे खंडन करणारे आहेत. अंकाला हा भेद दिसत नाही.

माप ध्येय झाले की

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी १९७५ साली चलनव्यवस्थेच्या संदर्भात एक निरीक्षण नोंदवले. मॅरिलिन स्ट्रॅदर्न या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९९७ साली ते विद्यापीठांना लावून दाखवले. त्याचा मथितार्थ असा की, जे केवळ माप होते तेच गाठायचे लक्ष्य बनले, की त्याची मापाची लायकी संपते. परीक्षेतील गुणांचा अनुभव असलेल्या कोणत्याही पालकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्या देशात हे कसे घडले ते पाहण्यासारखे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ सालच्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध करणे आवश्यक केले. २०१० साली प्राध्यापकांच्या नेमणुकी आणि बढत्या यांसाठी गुणांकन आले. इतके निबंध, इतके गुण. हेतू वाईट नव्हता. वर्षानुवर्षे तीच टिपणे वाचून दाखवणाऱ्यांना जागे करावे, असा तो होता. परंतु ज्या महाविद्यालयात धड प्रयोगशाळा नाही, ग्रंथालयात नवी नियतकालिके येत नाहीत आणि आठवड्याचे तास भरगच्च आहेत, तेथील शिक्षकांकडूनही तीच अपेक्षा ठेवली गेली. मागणी निर्माण झाली आणि बाजाराने ती पुरवली. पैसे भरा, निबंध छापून मिळेल, परीक्षणाची तोशीस नाही, असे सांगणारी नियतकालिके गावोगाव उगवली.

२०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम चुकांनी भरलेला एक बनावट निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. भारतातून चालवल्या जाणाऱ्या नियतकालिकांपैकी ६४ नी होकार दिला आणि फक्त १५ नी नकार. २०१८ साली आयोगाने आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. त्याच वर्षी अखेरीस नवी, अधिक काटेकोर यादी करण्याचे ठरले आणि त्या कामाचे एक केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होते. २०२२ साली पीएच.डी.साठीची निबंधाची सक्ती उठली आणि २०२५ साली ती नवी यादीही बंद करण्यात आली. नियम बदलत गेले, पण पंधरा वर्षांत जडलेली सवय नियमाइतक्या वेगाने बदलत नाही.

हा केवळ आपल्याकडचा दोष, असेही समजू नये. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून अधिक शोधनिबंध मागे घेण्यात आले. त्यांतले आठ हजारांहून अधिक एकाच प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांतले होते आणि ती संस्था २०२१ मध्ये एका नामांकित अमेरिकन प्रकाशकाने विकत घेतलेली होती. निबंध कारखान्यात तयार व्हावेत तसे तयार करून विकणारे लोक आता अनेक देशांत आहेत. पैशाचे गणितही उलटे झाले आहे. पूर्वी वाचणाऱ्याने पैसे मोजायचे. आता ज्ञान सर्वांना मोफत मिळावे या चांगल्या हेतूने पुष्कळ ठिकाणी लिहिणाऱ्याने पैसे मोजायचे असतात. ‘नेचर’मध्ये निबंध सर्वांसाठी खुला ठेवायचा, तर २०२१ सालच्या दराने ९,५०० युरो लागत. गरीब देशातील अभ्यासकाला वाचनाचे दार उघडले, पण लिहिण्याचे दार जड झाले.

आकड्याची बाजू

येथे आकड्याच्या बाजूने बोलणेही न्यायाचे आहे. आकडे नव्हते तेव्हा सारे काही गुणावर चालत होते, असे कोणी समजू नये. निवड समितीत कोण बसले आहे, उमेदवार कोणाचा कोण, कोणत्या जातीचा, कोणत्या गटाचा, यावर नेमणुका होत आणि आजही होतात. ज्याला पाठीराखा नाही अशा खेड्यातील मुलाला ‘माझे काम पाहा, जगात त्याची दखल घेतली गेली आहे’ असे म्हणायला आकड्याने आधार दिला. माप नको म्हणणाऱ्याच्या मनात कधी कधी मनमानीचा हक्क शाबूत ठेवण्याची इच्छा असते, हेही ओळखले पाहिजे.

तथापि आकडा मानतो तितका निःपक्षपाती नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिले की, प्रसिद्ध संशोधकाच्या कामाची दखल पटकन घेतली जाते आणि तेवढेच चांगले काम अनोळखी माणसाने केले, तर ते मागे पडते. ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी मिळते. या प्रकाराला मर्टन यांनी नाव दिले ‘मॅथ्यू इफेक्ट’, कारण संत मत्तयच्या शुभवर्तमानातील तालंतांच्या दाखल्यात तशा आशयाचे वचन आहे. प्रभूने ते मिळालेल्या देणगीचा विनियोग करण्याविषयी सांगितले होते. जगाने ते प्रसिद्धीच्या बाबतीत अक्षरशः खरे करून दाखवले. या हकिगतीला एक पुरवणी आहे. मर्टन यांचा तो निबंध बराचसा हॅरिएट झुकरमन या संशोधिकेच्या मुलाखतींवर आधारलेला होता आणि त्यावर तिचेही नाव लेखिका म्हणून असायला हवे होते, हे पुढे मर्टन यांनीच मान्य केले.

दोन धर्मगुरू

विज्ञानाच्या इतिहासात दोन धर्मगुरूंची उदाहरणे या संदर्भात मोलाची आहेत.

पहिले ग्रेगोर मेंडेल. ब्रुनो शहरातील ऑगस्टिनियन मठाचे हे व्रतस्थ. शिक्षकपदाची परीक्षा त्यांना कधी उत्तीर्ण होता आली नाही. १८५६ ते १८६३ या काळात मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्याची सुमारे २८,००० झाडे तपासली आणि त्यांच्या गुणधर्मांची पिढ्यान्पिढ्यांची नोंद ठेवली. १८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत त्यांनी आपले निष्कर्ष स्थानिक निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचले आणि १८६६ साली ते मंडळाच्या वृत्तान्तात छापून आले. पुढील ३४ वर्षे त्या निबंधाचा उल्लेख अगदी मोजक्या लोकांनी केला आणि ज्यांनी केला त्यांनाही त्याचे मर्म कळले नव्हते. मेंडेल १८६८ साली मठाधिपती झाले आणि १८८४ साली वारले. १९०० साली तीन वेगवेगळ्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हाती तो निबंध लागला आणि आनुवंशिकतेचे शास्त्र उभे राहिले. दोन वर्षांच्या उल्लेखांवर चालणाऱ्या आजच्या मापाने मेंडेल यांच्या पदरात शून्य पडले असते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, मेंडेल स्वतः जन्मभर मोजतच होते. वाटाणे मोजल्यावाचून त्यांचा शोध लागलाच नसता. त्यांनी वस्तू मोजली आणि वस्तूविषयीचे सत्य हाती घेतले. लोक आपल्याला किती मोजतात, यावर मात्र त्यांचे काम अवलंबून नव्हते.

दुसरे फादर जॉर्ज लमेत्र, बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाचे प्राध्यापक. विश्व प्रसरण पावत आहे, हे त्यांनी १९२७ साली ब्रुसेल्सच्या एका नियतकालिकात फ्रेंच भाषेत मांडले. फारसे कोणी ते वाचले नाही. १९२९ साली एडविन हबल यांनी दीर्घिकांच्या वेगाचा आणि अंतराचा संबंध प्रसिद्ध केला आणि तो नियम हबल यांच्या नावाने जगभर शिकवला गेला. १९३१ साली लमेत्र यांच्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापले गेले. त्यात नेमका तो भाग नव्हता, ज्यावरून त्यांनी ही गोष्ट हबल यांच्या आधी सांगितल्याचे सिद्ध झाले असते. कोणी तरी मुद्दाम तो गाळला असावा, अशी शंका बरीच वर्षे होती. २०११ साली जुना पत्रव्यवहार सापडला, तेव्हा उलगडा झाला. भाषांतर स्वतः लमेत्र यांनीच केले होते आणि तो भागही त्यांनीच वगळला होता. दरम्यान त्याहून चांगली माहिती उपलब्ध झाली होती, तेव्हा जुनी कच्ची आकडेमोड पुन्हा छापण्यात काही हशील नाही, असे त्यांना वाटले. २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने त्या नियमाला दोघांचेही नाव द्यावे, अशी शिफारस केली. लमेत्र १९६६ सालीच निवर्तले होते.

या उदाहरणांवरून घाईने निष्कर्ष काढू नयेत. दुर्लक्षित राहिलेला प्रत्येक निबंध मेंडेल यांचा नसतो. पुष्कळसे निबंध दुर्लक्ष करण्याच्याच योग्यतेचे असतात. या दोन कथांचा बोध वेगळा आहे. मेंडेल यांना न्याय मिळाला तो कोणी तरी बसून त्यांचा निबंध वाचला तेव्हा. लमेत्र यांना न्याय मिळाला तो कोणी तरी जुनी पत्रे उघडून पाहिली तेव्हा. त्याआधी कोणत्याही यादीने किंवा बेरजेने तो मिळवून दिला नव्हता.

पोकळ कीर्तीची तीन मुळे

संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’ ग्रंथात पोकळ कीर्तीचा विचार केला आहे. आपले सत्कृत्य लोकांना कळावे, यात मुळात पाप नाही, असे ते आधी स्पष्ट करतात. कीर्ती पोकळ होते ती तीन कारणांनी. एक, जिच्यासाठी कीर्ती हवी ती गोष्टच अस्तित्वात नसली किंवा तितक्या योग्यतेची नसली तर. दोन, ज्याच्याकडून वाहवा हवी, त्याच्या निर्णयाचा भरवसा नसला तर. तीन, कीर्तीची इच्छा देवाचा गौरव किंवा शेजाऱ्याचे कल्याण अशा योग्य हेतूकडे वळलेली नसली तर.

साडेसातशे वर्षांपूर्वीचे हे विवेचन आजच्या विद्यापीठांना किती चपखल बसते! विकत घेतलेला निबंध हे पहिल्या प्रकाराचे उदाहरण, कारण तेथे कामच नाही. न वाचता केलेली बेरीज हे दुसऱ्याचे. स्तुती आणि खंडन यांतला भेद ज्याला कळत नाही, अशा न्यायाधीशाकडून मिळालेली पावती कितीशी मोलाची? आणि पदोन्नतीपलीकडे ज्याचा काहीही उद्देश नाही, असा खराखुरा निबंध हे तिसऱ्याचे.

संत ऑगस्टीन यांनी काही गोष्टी वापरण्यासाठी असतात आणि काही गोष्टींत विसावायचे असते, असा भेद केला आहे. वापरायच्या गोष्टीत विसावा शोधला की मन वाट चुकते. आकडा वापरावा. तो ‘येथे पाहा’ असे सांगणाऱ्या पाटीसारखा आहे. पाटी पाहून माणूस घरी परतला, तर तो गावी पोहोचला असे होत नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील मूळ दोष हाच आहे. आकडा हाती आला की वाचण्याची जबाबदारी टळते. दुसऱ्याचे काम वाचायला वेळ लागतो, समजून घ्यायला नम्रता लागते आणि मत द्यायला धैर्य लागते, कारण मत चुकले तर ते आपले असते. आकड्याचे मत कोणाचेच नसते. म्हणून तो समितीला सोयीचा वाटतो. माणसाच्या आयुष्याचा निर्णय त्याचे काम न वाचता करणे हा अन्याय आहे आणि आकडा अचूक होता, या सबबीने तो धुऊन निघत नाही.

जे मोजलेच जात नाही

मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचींत इंग्रजीचे वर्चस्व आहे. मराठीत लिहिलेल्या संशोधनाला त्यांत जवळजवळ जागा नाही. आपल्या समाजाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, ते फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणावरून पाहावे. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून त्याची संपादित आवृत्ती काढली आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. पाठ जुळवणे, शब्दांचे अर्थ लावणे, लिपी बदलताना उच्चार सांभाळणे, हे वर्षानुवर्षांचे काम. आज कोणी असे काम हाती घेतले, तर दरवर्षी मागितल्या जाणाऱ्या गुणांच्या तक्त्यात त्याला काय मिळेल? बोलींचे शब्दसंग्रह, जुन्या धर्मग्रामांच्या नोंदवह्यांचा अभ्यास, लोकगीतांचे संकलन, यांचीही हीच गत. जे मोजले जात नाही ते हळूहळू केले जात नाही आणि मग ते कधी होते, हेही विसरले जाते.

विवेकाचा प्रश्न

आता एका तरुण प्राध्यापकाची कल्पना करू. घर भाड्याचे, आईचे औषधपाणी चालू, नोकरी अजून कायम झालेली नाही. दोन निबंध कमी पडत आहेत. कोणी तरी सांगते, इतके हजार भरा, महिन्याभरात नाव छापून येईल, सगळेच करतात. त्याने काय करावे?

पैसे देऊन दुसऱ्याने लिहिलेल्या निबंधावर आपले नाव घालणे हे असत्य आहे आणि आठव्या आज्ञेचा तो सरळ भंग आहे. त्यात चोरीही आहे, कारण त्याच जागेसाठी प्रामाणिकपणे खपलेल्या दुसऱ्या उमेदवाराचा घास त्यामुळे काढून घेतला जातो. ‘सगळेच करतात’ हे उत्तर कन्फेशनमध्ये चालत नाही, तसे ते विवेकापुढेही चालत नाही. वैद्यकाच्या किंवा औषधांच्या क्षेत्रात तर खोट्या निबंधामुळे कोणाचा जीवही जाऊ शकतो.

पण एवढे सांगून धर्मगुरूला हात झटकता येणार नाहीत. नैतिक धर्मशास्त्र दडपणाखाली केलेल्या कृत्याचा दोष सौम्य मानते आणि दडपण आणणाऱ्याच्या दोषाचाही विचार करते. प्रयोगशाळा न देता प्रयोग मागणारी, वेळ न देता ग्रंथ मागणारी आणि शेवटी काय लिहिले आहे हे न पाहता फक्त किती लिहिले आहे हे विचारणारी व्यवस्था त्या तरुणाच्या पापात वाटेकरी आहे. विटांसाठी पेंढा न देता विटांची संख्या मात्र तेवढीच मागणारा फारो आपण निर्गम ग्रंथात वाचला आहे. आपल्यापैकी जे संस्थाचालक आहेत, प्राचार्य आहेत, निवड समित्यांवर बसतात, त्यांनी हा अध्याय पुन्हा एकदा वाचावा.

सुधारणेचे प्रयत्न चालू नाहीत असे नाही. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या काही संपादकांनी आणि संशोधकांनी एक जाहीरनामा तयार केला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून माणसाची योग्यता ठरवू नये, त्याचे प्रत्यक्ष काम पाहावे, हे त्याचे सार. २०१५ साली लायडन शहराच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या दहा तत्त्वांतही आकड्याने तज्ज्ञांच्या विचाराला साहाय्य करावे, त्याची जागा घेऊ नये, असा आग्रह आहे. स्थानिक भाषांतील चांगल्या संशोधनाचे रक्षण व्हावे, हेही त्यांत आहे.

पण काही गोष्टी जाहीरनाम्यावाचूनही करता येण्याजोग्या आहेत. घरातल्या मुलीने पीएच.डी. चालवली असेल तर ‘किती पेपर झाले?’ याऐवजी ‘तू काय शोधते आहेस?’ असे तिला विचारावे आणि उत्तर नीट कळेपर्यंत ऐकावे. हे लहानसे वाटेल, पण ज्याचे काम घरी कोणी तरी समजून घेतले आहे, त्याला बाजारातील पावतीची भूक कमी लागते. धर्मग्रामातही वर्षाअखेर आम्ही धर्मगुरू किती स्नानसंस्कार, किती विवाह, किती प्रथम कम्युनियन, याचे तक्ते धर्मप्रांताला पाठवतो. ते पाठवलेच पाहिजेत. पण त्या तक्त्यात वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणारी सून कोठे दिसत नाही. ती दिसायची, तर त्या घरी जावे लागते.

संत मार्क यांनी सांगितलेला एक प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. प्रभू येशू मंदिरातील दानपेटीसमोर बसला होता. श्रीमंत लोक पुष्कळ टाकत होते. एक गरीब विधवा आली आणि तिने दोन टोल्या टाकल्या. मंदिराच्या हिशेबनिसाने त्या दिवशीच्या वहीत त्या दोन टोल्या दोन टोल्या म्हणूनच लिहिल्या असतील आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. तिने सर्वांहून अधिक टाकले, हे प्रभूला कळले, कारण तो तेथे बसून प्रत्येकाकडे पाहत होता. दान किती, हे वहीने सांगितले असते. ते कशातून आले, हे त्या बाईकडे पाहिल्यावाचून कळण्यासारखे नव्हते. ज्यांच्या हाती इतरांच्या श्रमाचा न्याय करण्याचे काम आहे, मग ते विद्यापीठात असोत, शाळेत असोत वा घरात, त्यांनी वही जरूर ठेवावी. तिच्यावर सही करण्यापूर्वी मात्र थोडा वेळ दानपेटीसमोर बसावे.